तोकुशिमाचे हाचिसुका: राज्य गेल्यावरचं आयुष्य

तुमचा प्रश्न चांगला आहे: मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपानी दाइम्योंची, म्हणजे तिथल्या संस्थानिकांची राज्यं गेली, तरी त्यांच्यातले काही जण कंपन्यांचे मालक आणि संसदेचे सदस्य कसे झाले? आणि यात कर्तृत्व किती, सरकारची मेहेरबानी किती? तोकुशिमाचे शेवटचे दाइम्यो हाचिसुका मोचिआकी यांच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

जन्म १८४६चा, एदोमधला, म्हणजे आजच्या टोकियोतला. वडील अकराव्या शोगुनचे, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाचे पुत्र, हाचिसुका घराण्यात दत्तक आलेले. मुलूख म्हणजे शिकोकू बेटावरचा आवा प्रांत, जिथे तोकुशिमा आहे, आणि शेजारचं आवाजी बेट. उत्पन्न २,५७,००० कोकु (एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर) तांदूळ, आणि वर निळीचा व्यापार. १८६८ साली मोचिआकी गादीवर आले आणि त्याच वर्षी शोगुनशाही कोसळली. पुढच्या वर्षी सगळ्या दाइम्योंबरोबर त्यांनीही मुलूख सम्राटाच्या हवाली केला आणि सरकारने त्यांनाच तिथला गव्हर्नर नेमलं.

१८७० साली आवाजीवर मोठा रक्तपात झाला. तिथला कारभार पिढ्यान् पिढ्या इनादा या मातब्बर सरदार घराण्याकडे होता. नव्या व्यवस्थेत आपल्या माणसांना कमी दर्जा मिळाला म्हणून त्यांनी वेगळं होण्याची खटपट चालवली, तेव्हा चिडलेल्या तोकुशिमाच्या सामुराईंनी त्यांच्यावर हल्ला केला. दहा जणांना सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याची शिक्षा झाली आणि इनादांच्या माणसांना उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर वसाहत करायला पाठवलं गेलं. पुढच्याच वर्षी सगळी संस्थानं खालसा झाली. १८७२ मध्ये मोचिआकी पत्नीसह इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डला शिकले आणि १८७९ साली परतले. कालपर्यंत राज्य केलेल्या माणसाने विशीत परदेशात जाऊन विद्यार्थी व्हायचं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. ही हिंमत त्यांची स्वतःची होती.

आता पैशाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. आपल्या संस्थानिकांच्या तनख्याशी याची गल्लत करू नका. तो दरवर्षी तिजोरीतून मिळणारा पैसा होता आणि १९७१ मध्ये बंद झाला. जपानने १८७६ साली सरदार आणि सामुराई यांचे वार्षिक भत्त्याचे हक्क एकदम काढून घेतले आणि बदल्यात व्याजाचे सरकारी रोखे दिले. साध्या सामुराईला मिळालेल्या रोख्यांच्या व्याजावर घर चालणं अवघड होतं. मोठ्या दाइम्योंच्या हातात मात्र भांडवल आलं. ते उधळलं जाऊ नये, एकत्र राहावं यासाठी सरकारातले वजनदार नेते इवाकुरा तोमोमी यांनी जोर लावला आणि १८७७ साली पंधरावी राष्ट्रीय बँक उभी राहिली. लोक तिला सरदारांची बँकच म्हणत.

त्याच सुमारास काही दाइम्योंनी रेल्वेसाठी पैसे जमवले होते. शिम्बाशी-योकोहामा ही सरकारी लाइन विकत घ्यायचा बेत होता, तो फिसकटला. सल्लागार होते बँकर आणि उद्योजक शिबुसावा एइइची. ते म्हणाले, हा पैसा सागरी विम्यात घाला. त्या वेळी तांदूळ आणि इतर माल बोटीने जायचा आणि बँका मालाच्या तारणावर हुंडी वटवायच्या. बोट बुडाली की तारणही बुडालं. विमा नसेल तर कर्ज द्यायला बँक कचरणार, आणि कर्ज नसेल तर व्यापार अडणार. ही अडचण ओळखून ऑगस्ट १८७९ मध्ये टोकियो मरीन कंपनी निघाली. भांडवल ६ लाख येन, भागधारकांत दाइम्यो आणि मित्सुबिशी दोघंही. पहिले अध्यक्ष हाचिसुका. आपल्याकडे गाडीच्या विम्यावर ‘इफ्को टोकियो’ हे नाव दिसतं, त्यातलं ‘टोकियो’ याच कंपनीकडून आलंय.

पण रोजचं काम मासुदा कात्सुनोरी बघत आणि कल्पना शिबुसावांची होती. हाचिसुकांना हाडाचा उद्योजक म्हणणं मला पटत नाही. त्यांनी पैसा दिला आणि घराण्याचं नाव पणाला लावलं. नव्या, अनोळखी धंद्यात बाकीचे सरदार त्या नावाकडे बघून उतरले, आणि त्या काळात हे काम लहान नव्हतं.

पुढची पदं झरझर सांगतो. १८८२ पासून फ्रान्समध्ये राजदूत, १८८४ मध्ये मार्क्विस ही वरच्या दर्जाची सरदारी पदवी, १८९० मध्ये टोकियोचे गव्हर्नर. संसद उघडली तेव्हा मार्क्विस असल्यामुळे वरिष्ठ सभागृहात आपोआप आणि तहहयात जागा. त्याखालच्या काउंट वगैरेंना आपसांत निवडणूक लढवावी लागे. इतो हिरोबुमी यांच्यानंतर १८९१ ते १८९६ ते त्या सभागृहाचे अध्यक्ष होते, म्हणजे चीनशी झालेलं युद्धही त्याच काळातलं. नंतर वर्षभर शिक्षणमंत्री. १९१८ मध्ये वारले.

होक्काइदोतली उर्यूची शेती मात्र विसरून चालणार नाही. सांजो सानेतोमी आणि इतर सरदारांबरोबर त्यांनी सरकारकडून तिथली सुमारे ५०,००० हेक्टर पडीक जमीन मिळवली. सांजो गेल्यावर संघ मोडला आणि हाचिसुकांनी तिथेच स्वतःची शेती चालवली. जंगल तोडून जमीन लागवडीला आणली ती कुळांनी, आणि पुढे खंडावरून त्याच जमिनीवर मोठे झगडे झाले. एवढी जमीन सरकारकडून मिळवणं साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तुम्ही मेहेरबानीबद्दल विचारलंत, तर ती इथे सगळ्यात उघड दिसते.

आणखी खोलात जायचं असेल तर पंधराव्या बँकेचा इतिहास आधी बघा. १९२७च्या आर्थिक संकटात तिला दारं बंद करावी लागली आणि कित्येक सरदार घराणी तेव्हाच खचली. त्यांच्या पदव्या गेल्या त्या त्यानंतर वीस वर्षांनी, १९४७ साली.