प्रोटॉन १८३६ पट जड, तरी वळण इलेक्ट्रॉनएवढंच कसं?

तुमचा प्रश्न: १००० व्होल्टने वेग दिलेला इलेक्ट्रॉन दोन समांतर प्लेट्समधून जाताना किती वळतो, याच्या अंतिम सूत्रात वस्तुमान उरतच नाही. मग प्रोटॉनही तेवढाच वळेल का?

हो, तेवढाच, फक्त उलट्या बाजूला. प्रोटॉनला वेग देताना १००० व्होल्टची दिशा तेवढी उलटी करावी लागेल.

आकडे घालून बघा. प्लेट्स ४ सेंमी लांब, मधलं अंतर १ सेंमी, त्यांच्यावर ५० व्होल्ट. क्षेत्र झालं मीटरला ५००० व्होल्ट. प्रोटॉनचं त्वरण इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट कमी, हे खरंच. पण इलेक्ट्रॉन आत शिरतो तो सेकंदाला १.८७५ कोटी मीटर वेगाने आणि २.१ नॅनोसेकंदांत बाहेर पडतो. प्रोटॉनचा वेग ४.३८ लाख मीटर, त्याला ९१ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे तो ४२.८५ पट जास्त वेळ क्षेत्रात राहतो. सरकण्याच्या सूत्रात वेळेचा वर्ग येतो, आणि ४२.८५ चा वर्ग १८३६. दोघेही २ मिमी सरकून बाहेर पडतात. प्लेट्सच्या मध्यापासून २० सेंमीवर पडदा ठेवला तर दोघांचा ठिपका मध्यापासून २ सेंमीवर पडेल.

प्रभारही असाच कटतो. अल्फा कणाचा प्रभार दुप्पट, त्यामुळे बल दुप्पट. पण १००० व्होल्टमधून येताना त्याने ऊर्जाही दुप्पट कमावलेली असते. पुन्हा २ मिमीच.

म्हणून विद्युतक्षेत्रातल्या वळणावरून कण कुठला ते ओळखता येत नाही. दर एकक प्रभारामागे किती ऊर्जा आहे, एवढंच ते वळण सांगतं. ही बाब वर्गात ठासून सांगायला हवी असं मला वाटतं, कारण सूत्र पाठ असूनही मुलं इथेच अडतात. दोघांना सारख्या व्होल्टेजऐवजी सारख्याच वेगाने सोडलंत, तर मात्र प्रोटॉन जेमतेम १ मायक्रोमीटर सरकेल.

प्रत्यक्ष प्रयोगाच्या निर्वात नळीत २ सेंमी नेमके येत नाहीत. प्लेट्सच्या कडांबाहेरही क्षेत्र थोडं पसरतं, म्हणून सूत्रात मोजलेली लांबी घातली तर उत्तर कमी येतं. निर्वात कच्चा असेल तर उरलेल्या वायूचं आयनीभवन होतं आणि ते आयन प्लेट्सचं क्षेत्र झाकतात. भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांना १८८३ मध्ये कॅथोड किरण, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, वळताना दिसले नाहीत ते यामुळेच. १८९७ मध्ये थॉमसन यांनी नळीतला वायू आणखी काढून टाकला तेव्हा ते वळले.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही विसरू नका. झोताला काटकोनात ४० मायक्रोटेस्ला धरले, तर २० सेंमीच्या प्रवासात हा इलेक्ट्रॉन सुमारे ७.५ मिमी बाजूला जातो. विद्युतसंकेत पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपच्या नळीभोवती म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं कवच असतं ते अशाच बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रांसाठी. त्याच क्षेत्रात प्रोटॉन ०.२ मिमीही हलत नाही. चुंबकीय वळणात वस्तुमान कटत नाही, त्यामुळे दोघांना वेगळं ओळखायचं असेल तर प्लेट्सच्या जोडीला चुंबक लावा.