मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन कमी साखरेची थंडगार कांडी घरी कशी करावी?

कोकणात राहत असाल तर त्यासाठी बाजारातून फारसे काही आणावे लागत नाही. दोन पिकलेल्या हापूस आंब्यांचा रस, वाटीभर घट्ट नारळाचे दूध आणि चिमूटभर मीठ एकत्र करून फ्रीजरमध्ये सहा ते आठ तास ठेवावे. आंबे पिळण्याचे काम मुलांकडेच द्यावे. कोपरापर्यंत ओघळ येतील आणि कोयीवरून भांडणेही होतील, त्याला इलाज नाही. नारळाच्या दुधातील स्निग्धांश आणि रसातील साखर यांमुळे बर्फाचे कण बारीक राहतात, तर नुसते पातळ सरबत गोठवल्यास कांडी दगडासारखी होते आणि चोखताना रंग व चव आधी निघून जाऊन शेवटी हातात पांढरा बर्फ उरतो.

गोठलेल्या पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून कच्चे मिश्रण किंचित अधिक गोड लागले पाहिजे. आंबा आंबट निघाला तरच थोडा गूळ घालावा. कोकमाची कांडी करायची असल्यास आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, वापरू नये, कारण ते खारट असते; ताज्या रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) साली गुळाच्या पाण्यात कुस्कराव्यात. साचे नसतील तर स्टीलचे छोटे पेले चालतात, मात्र काडी मिश्रण अर्धवट गोठल्यावरच उभी राहते. वीज बराच वेळ गेली आणि नारळाच्या दुधाची कांडी वितळली, तर ती पुन्हा गोठवू नये; गार असतानाच पेल्यात ओतून मुलांना पिण्यास द्यावी.