तांग राजवटीचे स्वप्न आणि हेवी मेटल

प्रश्न : माझ्या मुलाने मला एक जुने चिनी हेवी मेटल गाणे ऐकवले. ‘स्वप्नात तांग राजवटीकडे परत’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ आहे म्हणे. गिटारींचा गदारोळ चालू असताना गायक मध्येच नाटकातल्यासारखे काहीतरी म्हणू लागतो. ते काय आहे? की ही सारी पाश्चात्त्यांची नक्कल असून वर चिनी मुलामा चढवला आहे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण जिथे अडखळलात, तेच या गाण्याचे मर्मस्थान आहे. बीजिंगमध्ये १९८८ साली स्थापन झालेल्या आणि ‘तांग राजवट’ हेच नाव धारण करणाऱ्या बँडच्या १९९२ सालच्या पहिल्या अल्बमचे हे शीर्षकगीत. मध्येच जे म्हटले जाते, त्यात आठव्या शतकातील महाकवी तू फू याच्या ओळी आहेत आणि त्या म्हणण्याची ढब पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीतनाट्यातील पठणाची आहे. वेंगुर्ल्याच्या रसिकाला हे परके वाटू नये. दशावतारात पखवाज आणि झांजेच्या साथीवर रंगमंचावर आलेला राजा गाता गाता ज्या ठसक्यात बोलू लागतो, त्याच जातीचे हे काम आहे.

आता त्या ओळींकडे पाहू. एका ओळीत कवी तांग सम्राट श्वेनत्सुंगच्या कारकिर्दीतील कैयुआन काळाचे, म्हणजे इ.स. ७१३ ते ७४१ या वर्षांचे, वैभव आठवतो. पण ज्या कवितेतून ती घेतली आहे, ती ७५५ मध्ये पेटलेल्या आन लुशान या सेनापतीच्या बंडाने साम्राज्य खिळखिळे केल्यानंतरची आहे. दुसरी ओळ वादळात स्वतःच्या झोपडीचे छप्पर उडाल्यावर लिहिलेल्या कवितेतली असून, हजारो प्रशस्त घरे कुठून आणावीत, असे कवी तीत विचारतो. म्हणजे ज्याला आपण पूर्वजांच्या गौरवाचे गाणे समजतो, त्याच्या ऐन मध्यावर बेघर झालेल्या माणसाचा प्रश्न उभा आहे. केवळ मुलामा द्यायचा असता तर एखादे चिनी तंतुवाद्य वाजवून भागले असते.

गायक तिंग वू याचा आवाजही लक्ष देऊन ऐकावा. हेवी मेटलमध्ये तार सप्तकातील गायन नवे नाही, आणि पेकिंग ऑपेरातही स्त्रीभूमिका व तरुण नायक कृत्रिम उंच स्वरात गातात. या दोन्ही परंपरा त्याच्या गळ्यात अशा मिसळतात की सांधा सापडत नाही. गिटारींची चौकट मात्र पाश्चात्त्यच आहे, आणि तेवढ्यापुरता आपला आक्षेप मान्य करावा लागेल. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही. पायपेटी परदेशातून आली म्हणून नाट्यपद परके ठरवण्याची आपली रीत नाही.

याच अल्बममध्ये ‘इंटरनॅशनल’ हे कामगारगीतही त्यांनी मेटलमध्ये बसवले आहे. बेसवादक चांग च्यू १९९५ मध्ये मोटारसायकल अपघातात वारला, त्यामुळे तो असतानाच्या संचाची कामगिरी जाणून घ्यायची तर हाच अल्बम सलग ऐकावा.