सय्यद मुलगी, तांबोळी मुलगा: ‘कुफू’ बसत नसेल तर निकाह होतच नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सय्यद, मुलगा तांबोळी, दोघंही सुन्नी आणि सज्ञान. घरचे म्हणतात ‘कुफू बसत नाही’, आणि मौलानांच्या मते वडिलांच्या संमतीशिवाय असा निकाह मुळात लागतच नाही. मग इस्लाममधली समानता गेली कुठे, हा तुमचा प्रश्न.

आधी घर हनफी आहे की शाफई (हे सुन्नींचे दोन धर्मशास्त्रीय पंथ), ते विचारून घ्या. देशावरचे बहुतेक सुन्नी हनफी असतात, कोकणी मुसलमान शाफई. हे न विचारता दिलेला कुठलाही सल्ला अर्धवट ठरतो.

कुफू म्हणजे वराचं वधूच्या तोलाचं असणं. ही अट फक्त वराकडून पाहिली जाते आणि निकाहच्या वेळीच पाहिली जाते. नंतर त्याचा धंदा बुडाला म्हणून कुफू तुटत नाही. हनफी ग्रंथांत तिचे निकष म्हणजे वंश, इस्लाम, स्वतंत्र असणं (गुलाम नसणं), दीनदारी (धर्माचरण), ऐपत आणि पेशा. मालिकी या तिसऱ्या पंथाच्या फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) वंश धरतच नाहीत; दीनदारी आणि मोठा दोष नसणं एवढंच पाहतात. जुने इमाम सुफियान सौरी आणि हनफींमधले करखी यांनी तर कुफूची अटच मानली नाही. म्हणजे हा इमामांच्या मतभेदाचा विषय आहे. ‘दीनचा हुकूम’ म्हणून तो कुणी तोंडावर फेकत असेल, तर ते बरोबर नाही.

हनफी मत पूर्ण ऐकलं तर घरच्यांचा निम्मा युक्तिवाद तिथेच गळून पडतो. वंशाचा निकष अरबांपुरता आहे. अजमी, म्हणजे बिगर-अरब लोकांनी आपल्या वंशावळी जपल्या नाहीत, म्हणून त्यांच्यात वंश मोजू नये, असं हनफी फकीह (धर्मशास्त्री) स्पष्ट लिहितात. त्यामुळे इथल्याच मातीतल्या बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मुलाणी अशा बिरादऱ्यांमध्ये ‘खानदान खालचं’ म्हणून स्थळ नाकारायला हनफी आधार नाही. सय्यद मुलीच्या बाबतीत मात्र प्रश्न उरतो, कारण सय्यद स्वतःला कुरैशी, म्हणजे पैगंबरांच्या टोळीचे अरब मानतात आणि जुन्या मतानुसार अजमी पुरुष अरब स्त्रीचा कुफू नाही. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच मतानुसार सगळे कुरैशी एकमेकांचे कुफू आहेत. पैगंबरांच्या दोन मुली कुरैशींतल्याच उमय्या घराण्यातल्या हजरत उस्मान यांना दिल्या होत्या. म्हणजे ‘सय्यद मुलगी फक्त सय्यदालाच’ हा नियम हनफी फिक्हचा नाही, बिरादरीचा आहे. अजमी आलीम (धर्मविद्वान) अरब घराण्याचाही कुफू ठरतो, असंही काही हनफी ग्रंथांत आहे.

पेशाचा निकष त्या-त्या जागेच्या रिवाजावर चालतो. विणकर आणि कापडव्यापारी बरोबरीचे नाहीत असं जुन्या ग्रंथांत दिसतं. विणकर आणि शिंगी लावणारा (रक्त काढणारा) यांना बरोबरीतून वगळणारी जी हदीस (पैगंबरांचं वचन) सांगितली जाते, ती मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या जाणकारांनी कमजोर, काहींनी बनावटच ठरवली आहे. आणि ज्या घरात आता कुणी पानाच्या गादीवर बसत नाही, तिथे आडनावावरून पेशा मोजणं तर त्या निकषातही बसत नाही. ऐपत म्हणजे श्रीमंती नव्हे; मेहरचा (वराने वधूला द्यायच्या रकमेचा) रोख भाग आणि बायकोचा खर्च झेपणं पुरेसं आहे.

आता मौलानांचं म्हणणं. इमाम अबू हनीफांच्या प्रसिद्ध मतानुसार सज्ञान स्त्रीने स्वतः केलेला निकाह लागतो. वर कुफू नसेल तर वली (मुलीचा पालक, सहसा वडील) हरकत घेऊ शकतो, पण काझी निकाह तोडेपर्यंत तो कायम राहतो, आणि मूल झालं की हरकतीचा हक्क संपतो. त्यांचेच शिष्य हसन बिन झियाद यांच्या रिवायतीनुसार (त्यांनी सांगितलेल्या मतानुसार) मात्र असा निकाह होतच नाही, आणि नंतरच्या अनेक मुफ्तींनी फतव्यासाठी तीच घेतली. मौलाना तीच सांगत असावेत. ती खोटी नाही, पण एकमेव नाही. शिवाय कुफू हा हक्क आहे आणि हक्क सोडता येतो. तुम्ही आणि वडील राजी झालात की काका-भावांची हरकत उरत नाही. म्हणून खरी मेहनत वडिलांवर घ्या.

त्यांच्याशी बोलताना फातिमा बिन्त कैस यांची हदीस काढा. ती सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. त्या कुरैशी. मागणी घातली होती मुआविया आणि अबू जहम यांनी, दोघंही कुरैशी. पैगंबरांनी एकाच्या गरिबीकडे आणि दुसऱ्याच्या मारकुटेपणाकडे बोट दाखवलं आणि उसामा सुचवला, मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. फातिमांना आधी ते रुचलं नव्हतं. नंतर त्यांनीच त्यात भलं झाल्याचं सांगितलं. मला हा दाखला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात स्थळ कसं पारखायचं तेही आहे. बुखारी या दुसऱ्या हदीससंग्रहात ‘दीनमधली बरोबरी’ असा स्वतंत्र बाबच (प्रकरणच) आहे आणि त्यात पैगंबरांची चुलत बहीण जुबाआ यांचा निकाह मिकदाद यांच्याशी झाल्याचा उल्लेख आहे. मिकदाद कुरैशी नव्हते. उसामाचे वडील, मुक्त केलेले गुलाम जैद आणि कुरैशी घरातल्या जैनब यांचा निकाह टिकला नाही, हे घरचे पुढे करतील. तो लावला खुद्द पैगंबरांनी, हे त्यांना आठवून द्या.

घर शाफई असेल तर वली लागतोच. वली विनाकारण अडवत असेल तर त्याची जागा काझी घेतो, पण वराचं कुफू नसणं हे तिथे सबळ कारण धरलं जातं. यावर मुंबई हायकोर्टाचा १८६४ चा एक निकाल आहे: शाफई घरातली वयात आलेली मुलगी हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीशिवाय निकाह करू शकते.

एवढं करूनही घरचे राजी झाले नाहीत, तर घाईत मेहर नाममात्र ठेवू नका. घरातल्या बहिणी-आत्यांच्या मेहरहून (मेहर-ए-मिस्ल) ती कमी असली, की हनफी फिक्हमध्ये वलीला हरकतीचं दुसरं कारण मिळतं. साक्षीदार दोन सज्ञान मुसलमान पुरुष असावेत आणि इजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार) एकाच बैठकीत त्यांच्या कानांवर पडायला हवं. निकाहनाम्यावर मेहरचा रोख आणि उधार भाग वेगळा लिहून घ्या आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची नोंदणी करा. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असल्याचे दाखले जवळ ठेवा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि पुढे वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. हे दोघांनी समजूनच निवडावं.

फतवा कायद्याने बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. सज्ञान व्यक्तीचा जोडीदार निवडण्याचा हक्कही त्याच कोर्टाने २०१८ मध्ये केरळच्या हादियाच्या खटल्यात मान्य केला. धमकी आली तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.