कोडिंग न येणाऱ्या एमएच्या मुलांना 'एआय आणि जागतिक राजकारण' शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

एआय ज्यांवर चालतं त्या चिप्सपासून करा, अल्गोरिदमपासून नको. मी राज्यशास्त्राच्या मुलांना हाच पेपर शिकवते, न्यूरल नेटवर्कची आकृती काढली की वर्ग गप्प होतो पण नकाशा काढला की लगेच बोलायला लागतो: डिझाइन मुख्यतः अमेरिकेत, ईयूव्ही मशीन (चिपवर अतिसूक्ष्म नक्षी छापणारं यंत्र) बनवते फक्त नेदरलँड्सची एएसएमएल कंपनी, सगळ्यात प्रगत चिप्स बहुतेक तैवानमध्ये बनतात, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला अशा चिप्स विकण्यावर निर्बंध घातले, म्हणजे सत्ता नेमकी कुठेय ते मुलांना स्वतःलाच दिसतं. मग एआयवरच्या आंतरराष्ट्रीय शिखर परिषदांचे दोन जाहीरनामे शेजारी ठेवून वाचायला द्या:

- ब्लेचली (ब्रिटन), २०२३: अमेरिका, चीन, भारत तिघंही सामील
- पॅरिस, २०२५: भारत, चीन आहेत, अमेरिका आणि ब्रिटनने सही केली नाही

असं का झालं यावर एक अख्खं लेक्चर जातं, जाऊ द्या, तेच खरं शिकणं आहे. युरोपचा एआय कायदा त्यानंतर घ्या. फक्त चिप निर्बंधांचे नियम सारखे बदलतात त्यामुळे मागच्या वर्षीच्या नोट्स तशाच वापरू नका, तेवढा भाग दर सेमिस्टरला नव्याने लिहावाच लागतो.