कोल्हापुरात सेवेतून आध्यात्मिक सोबत मिळेल का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन कोल्हापुरात आलात, दर शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन घेता, तरी घरी परतल्यावर रितेपण तसंच राहतं; सेवेतून आपली माणसं आणि जगण्याला काही अर्थ मिळेल का? मिळेल. फक्त सेवा कुठली यापेक्षा ती ठरल्या वारी, ठरल्या वेळी किती दिवस टिकवता, याला जास्त महत्त्व आहे.

बहुतेक नवे लोक मोठ्या दिवशी सुरुवात करतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर किंवा नवरात्रात देवळाभोवती काम रग्गड असतं, पण त्या गर्दीत ओळख मुरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातला एक वार आणि दोन तास धरा, निदान तीन महिने. पहिल्या चार-पाच खेपांना कुणी फारसं बोलणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उत्साहानं येऊन महिन्यात गायब होणारे त्या मंडळींनी खूप पाहिलेले असतात. माणूस टिकतोय असं दिसलं, की एखाद्या वारी आला नाहीत तर आपणहून फोन येतो.

मला विचाराल तर सुरुवातीला अन्नछत्रासारखी दुसरी जागा नाही. वाढायला सगळेच पुढे होतात; भाजी चिरायला आणि भांडी घासायला हात कमी पडतात. तुम्ही तिथंच जा. चिरायला बसलेल्या चौघांत जेवढ्या गप्पा होतात, तेवढ्या वाढताना होत नाहीत. अंदाजासाठी सांगतो, आमटी-भाजी सोबत असेल तर शंभर पानांना 8 ते 10 किलो तांदूळ लागतो. मीठ एकाच माणसानं घालायचं. दोघांनी आपापल्या मनानं घातलं की पातेलं गेलं. आमटीची बादली पाऊणच भरा आणि दर वेळी ओगराळं तळापर्यंत नेऊन ढवळा. डाळ खाली बसते, मग पहिल्या पंगतीला नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या पंगतीला गाळ. उन्हाळ्यात कोमट राहिलेलं अन्न लवकर आंबतं, तेव्हा एक तर कढत ठेवा, नाही तर त्याच पंगतीत संपेल इतकंच शिजवा. समोरच्या पानावर कोण बसलंय हे न बघता ‘माउली, भात घ्या’ म्हणायची जिभेला सवय लागते ना, ती मला जपापेक्षा कमी वाटत नाही. गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. आधी खराटा, मग कीर्तन हा क्रम मी फार मानतो.

गर्दी नको वाटत असेल तर आपल्या गावातली दोन कामं बघा. एक, होळीच्या सुमारास पंचगंगा स्मशानभूमीसाठी होणारं शेणीदान (शेणी म्हणजे गोवऱ्या). इथं महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, त्यासाठी होळी लहान करून शेणी दिल्या जातात. शेणी खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओलसर असल्या तर नुसत्या धुमसतात. दुसरं, गणेश विसर्जनाला घाटावर निर्माल्य वेगळं करणं. हार अख्खा टाकला तर दोरा आणि तार खतात तशीच राहते. म्हणून गाठीशी कात्री लावायची, फुलं ओरबाडून घ्यायची, दोरा बाजूला. हारांत टाचण्या असतात, त्यामुळे जाड हातमोजे घाला. अगरबत्तीची पाकिटं, कापराच्या पुड्या आधीच उचला.

पावसाळ्यात मात्र ठरलेला वार सोडावा लागेल. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट. पाणी 39 वर गेलं, की प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा गावांकडे लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा जुने कपडे गोळा करत बसू नका. त्यांचे ढीग पडून राहतात. खरी गरज पूर ओसरल्यावर असते, घराघरांतला गाळ काढायला. गमबूट घालूनच उतरा, पायाला जखम असेल तर उतरूच नका, कारण त्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण होऊ शकते.

गट निवडताना एवढं तपासा. देणगीची पावती मिळते का? खर्चाचा हिशेब विचारला तर कुणी चिडतं का? ‘आणखी पाच जण आणा’ किंवा ‘घरच्यांचं ऐकू नका’ असं कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. आणि तीन महिन्यांनंतरही जायचा वार आला की जीवावर येत असेल, तर सेवा सोडण्याआधी काम बदलून मागा. माणसांत मिसळायचं दडपण येणाऱ्याला कोठीतला हिशेब किंवा धान्य निवडणं जास्त मानवतं. तिथंही दोन-तीन जणांची बैठक असतेच.