खारपाणपट्ट्यात गिझर का टिकत नाही, आणि त्याच्या जागी काय घ्यावं

भाऊ, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. दर्यापूर तालुक्यातलं गाव, घरात सहा माणसं, बोअरचं पाणी. चार वर्षांत 25 लिटरचे दोन गिझर गेले, ब्रेकर सारखा पडतो, सकाळी व्होल्टेज पार खाली येतं. आईची खोली टिनाची, थंडीत त्यांचे गुडघे धरतात. आता सोलर वॉटर हीटर घ्यावा, गॅस गिझर की हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र), असं विचारलंत.

मी मूर्तिजापूरकडचा. मोटार रिवायंडिंग आणि घरच्या वायरिंगची कामं करता करता 32 वर्षं झाली. तुमचं गाव आणि माझं गाव एकाच खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात. म्हणून आधी हेच सांगतो की तुमचे दोन्ही गिझर पाण्यानं खाल्ले. पाणी तेच ठेवलं तर तिसरं यंत्र कोणतंही आणा, त्याचीही तीच गत होईल.

जुना गिझर भंगारात दिला नसेल तर कॉइल काढून बघा. मी काढतो तेव्हा बहुतेक वेळा कॉइल दिसतच नाही, पांढरा चुन्यासारखा थर दिसतो, कधी बोटाएवढा जाड. स्क्रू ड्रायव्हरनं ठोकलं की अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे पडतात आणि खालची नळी काळी, तडकलेली निघते. उष्णता पाण्यात जायला वाटच राहत नाही, नळी आतल्या आत तापते, फुटते, आणि मग करंट पाण्यात उतरतो. तुमचा ब्रेकर अर्थ-लीकेजचा असेल तर तो याच कारणानं पडतो. काही घरी मी गेलो तर त्रास नको म्हणून ब्रेकर काढून वायर थेट जोडून ठेवलेली. असं कोणी सुचवलं तर त्याला घरात हात लावू देऊ नका. 30 मिलीअँपिअरचा तो ब्रेकर माणूस वाचवायला असतो, आणि तो पडतोय म्हणजे आपलं काम करतोय.

टाकी गळायचं कारण वेगळं, ते म्हणजे मीठ. आपल्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीला जोडाच्या जागी सुईएवढी भोकं पाडतं. आतून काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती आधी झिजते आणि टाकीला वाचवते. खाऱ्या पाण्यात ती फार लवकर संपते. वर्षाकाठी बदलायची असते, पण विकताना कोणी सांगत नाही. पाणी मऊ करायचं यंत्र इथं पुरं पडत नाही, ते चुना काढतं, क्लोराइड तसंच राहतं.

व्होल्टेजचा दोष फक्त वेळेपुरता. मोटार कमी दाबानं जळते, गिझरची कॉइल जळत नाही, नुसती मंद पडते. 2000 वॉटची कॉइल 180 व्होल्टला सव्वाबाराशे वॉटवर येते, म्हणून 40 मिनिटांचं काम तासावर जातं.

आता पाण्याचं बघू. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा, मोजून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. कडकपणाचे तसेच आकडे 200 आणि 600. तुमचा आकडा दोन हजारांच्या वर असेल तर ते पाणी कोणत्याही गरम टाकीत घालू नका. तुमच्या तालुक्यात बऱ्याच गावांना शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येतं. तुमच्याकडे येत असेल तर तेच गरम करायचं. रोज येत नाही, अपुरं येतं, हे मला माहीत आहे. पण हिशेब करा. सहा बादल्या, बादलीला 18 लिटर, म्हणजे 108 लिटर आंघोळीचं पाणी 42 अंशांचं. टाकीतलं गरम पाणी 60 अंशांचं आणि विसणाचं, म्हणजे त्यात मिसळायचं गार पाणी 15 अंशांचं धरलं तर गरम पाणी 65 लिटर लागतं. विसण बोअरचंच घाला, काही बिघडत नाही. गोड्या पाण्याची 500 लिटरची वेगळी टाकी फक्त सोलरसाठी ठेवली तर आठवडा सहज निघतो.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. 2011 साली घरी सोलर बसवला, बोअरचं पाणी चालतं असं विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी टाकी गळायला लागली, आणि पाण्याचा दोष असल्यानं वॉरंटी लागू नाही असं उत्तर मिळालं. दुसरी टाकी गोड्या पाण्यावर जोडली, ती अजून गळलेली नाही.

तर माझं मत: 150 लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर आणि जोडीला तांब्याचा बंब. विकणारा 250 लिटर म्हणेल, तुम्हाला गरज नाही. तांब्याच्या पत्र्याचा चपटा सोलरही दाखवतील. तो मजबूत असतो, पण त्याच्या आतल्या नळ्या बारीक असतात आणि चुन्यानं बुजल्या की साफ करणं कठीण. काचेची नळी रुंद असते, काढून आतून धुता येते. नळीच्या बुडाशी चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढरा दुधाळ झाला की आतली निर्वात पोकळी गेली समजा, ती एकच नळी बदलायची. आतली काच फुटली तर मात्र सगळी टाकी रिकामी होते, म्हणून दोन नळ्या जास्तीच्या घेऊन ठेवा. आपल्याकडे गारपिटीपेक्षाही वानरांचा उपद्रव मोठा. माझ्या तीन नळ्या वानरांनीच फोडल्या. आता वरून मोठ्या भोकांची तारेची जाळी वीतभर उंच ताणली आहे.

तोंड दक्षिणेला. जागा मात्र डिसेंबरात दुपारी बघा, उन्हाळ्यातल्या उन्हावर भुलू नका. 22 डिसेंबरला भर दुपारी आपल्या भागात सूर्य 45 अंशांच्या आसपासच चढतो. काठी उभी केली तर सावली जवळपास काठीएवढीच पडते. दक्षिणेला 20 फुटांचा कडुनिंब असेल तर 20 फुटांपर्यंत सावली, आणि तीही नेमकी गरज असते तेव्हा.

बंबाचं नाव काढलं की तरणी पोरं नाक मुरडतात. पण झड लागली, तीन दिवस ऊन नाही, लाइनही नाही, तेव्हा घरातलं दुसरं कोणतं यंत्र चालेल? जळण आपल्या वावरातच आहे, पऱ्हाटी आणि तुराट्या. पऱ्हाटीची गंजी मृगापर्यंत ठेवायची सवय मात्र सोडा, उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. पऱ्हाटी आधी जाळा, तुराट्या मागे ठेवा. बंब उघड्या पडवीत ठेवा, न्हाणीत नको. आत चुना धरला तर लिंबूसत्वाच्या पाण्यानं सुटतो.

गॅस गिझर तुमच्या घरी नको. 108 लिटरला रोज पावशेराच्या वर गॅस जाईल, साधारण सव्वातीनशे ग्रॅम, म्हणजे 14.2 किलोचं सिलिंडर दीड महिनाही पुरत नाही. खर्च एक वेळ सोसता येईल, पण बंद न्हाणीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. हीट पंप विजेत खरंच किफायती आहे, तिसऱ्या हिश्श्यात काम करतो, पण बिघडला तर अमरावतीहून माणूस यायची वाट बघाल. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर वीज करणार असाल (3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे) तर दुपारी गोड्या पाण्यावर गिझर लावणं शहाणपणाचं. एवढं ध्यानात ठेवा की लाइन गेली की लाइनला जोडलेला साधा सोलर प्लांटही बंद पडतो.

आणखी एक, बिनखर्चाचं. बोअरचं ताजं पाणी थंडीतही कोमट असतं, रात्रभर छतावरच्या टाकीत राहिलेलं मात्र गार पडतं. विसण ताज्या बोअरचं घेतलं की गरम पाणी जवळपास पाव हिश्श्यानं वाचतं.

आईच्या खोलीचं मात्र लवकर करा. आपली थंडी दीड-दोन महिन्यांचीच, पण चावरी. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. टिन रात्री सगळी ऊब आकाशात सोडतं, तिथं हीटर लावणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारी त्यांना स्लॅबच्या किंवा कवेलूच्या खोलीत, दक्षिणेच्या भिंतीच्या बाजूला झोपवा. ती भिंत दिवसभर तापते. नाही जमलं तर टिनाखाली छत मारा, भिंत आणि टिनाच्या मधल्या फटी बुजवा, दाराला जुनी गोधडी टांगा. हीटर घ्यायचाच तर तेलाचा घ्या, 16 अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवर आणि 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, गॅस गिझरचाच विषारी वायू तीही सोडते. निजताना सोलरच्या पाण्यानं रबरी पिशवी भरून त्यांच्या गुडघ्यांशी द्या. माझी आई शेवटची सहा वर्षं तशीच झोपली.

बोअरचा टीडीएस आणि छतापासून न्हाणीपर्यंतचं अंतर तेवढं कळवा. पाऊण इंची पाइप 20 मीटर असेल तर 6 लिटर पाणी त्यातच अडकून थंड होतं, म्हणून टाकी कुठं बसवायची ते अंतर बघून सांगतो.